उकळलेला कोळसा

आई आजही सांगते, कोळसा उकळून घेतला होता. पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीसोबत झाकणाची डबी, आणि त्यांच्यासोबत तो कोळसाही. "तूच म्हणली होतीस ना, दुधाला जे जे लागंल ते समदं उकळून घ्या म्हणून." मी म्हटलं होतं. 

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे थोडं मोठेपणासाठीच सांगते, कारण ते मला कुणी आयतं दिलेलं नाही. मुरुडहून लातूरला रोज एसटीने उभ्यानं जाऊन बी.एस्सी. केलं. लग्न करून नांदेडला आले आणि आता एका शाळेत विज्ञान शिकवते. दादा माझ्याहून मोठा. दहावीतच शाळा सोडली, मुरुडात वेल्डिंगच्या दुकानात गेट आणि ग्रिल करतो. हातावर ठिणग्यांचे डाग. घरात कुणाला ताप आला, बँकेचं काही आलं, टीव्हीवर काही भलतं ऐकलं, की फोन मला. दादा मला मास्तरीण म्हणतो. चेष्टेनं म्हणतो, पण पाहुण्यांसमोरही म्हणतो.

दादाला लेकरू नव्हतं. वहिनीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा वाया गेले. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा तिला आईने पाण्याचा हंडासुद्धा उचलू दिला नाही. वहिनीचं माहेर देगलूरकडचं. बाळंतपणाला ती तिकडे जायची होती, ओटी भरायचं ठरलं होतं. त्याआधी, सातव्यातच, तिचं बीपी चढलं, झटके आले आणि लातूरच्या दवाखान्यात घाईघाईनं ऑपरेशन करून मुलगी काढली. दादाच्या एका पंज्यात मावेल एवढी. त्या दिवशी लातूरला लेकरांच्या मशीन सगळीकडे भरलेल्या. नांदेडला एक मोकळी आहे असं कळलं, म्हणून ॲम्ब्युलन्समधून लेकराला माझ्याकडे आणलं. वहिनी शुद्धीवर नव्हती, तिला हलवता येत नव्हतं. आई तिच्याजवळ राहिली. अशी माय लातूरला आणि लेक नांदेडला. मधे अहमदपूर आणि लोहा.

आमच्यात नाव आत्याने ठेवायचं असतं. बारशाला बाळाच्या कानात पहिल्यांदा ते आत्याच सांगते. मी नाव काढून ठेवलेलं होतं. पण काचेच्या पेटीवरच्या पट्टीत वहिनीचं नाव आणि त्याखाली 'मुलगी' एवढंच लिहिलेलं. आतली कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसायच्या. नाकातून पोटात नळी घातलेली. डॉक्टर मला म्हणाले, "आईचं दूध पाहिजे. थेंबभर असलं तरी चालेल. या लेकरांना तेच औषध."

"तिची आई लातूरला आयसीयूत आहे."

"मग तिथून आणा."

एवढं सोपं सांगितलं त्यांनी, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. करण्यासारखं काहीतरी मिळालं. भिंतीवर चित्रांचा तक्ता लावलेला होता, तो मी पाठ केला. वहिनी शुद्धीवर आली, तिथल्या डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि मी फोनवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. हात कोपरापर्यंत धुवा. नखं काढा. वाटी, डबी उकळा. डबी रुंद तोंडाच्या थर्मासात ठेवा, भोवती बर्फ. दूध काढून झालं की लगेच झाकण, आणि दादाने पहिल्या गाडीने निघायचं.

पहिलं भांडण चिकावरून झालं. बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध, ते आमच्याकडे पिळून टाकायचे. आई म्हणाली, "ते जड असतंय बाई. एवढुश्या पोटाला सोसायचं न्हाई. तुम्हां दोघांना बी म्या मधाचं बोट लावलं व्हतं, मेलाव का तुमी?"

"आई, तेच सगळ्यात भारी असतं. तेच पाहिजे."

"पुस्तकात हाय का?"

"हाय."

"मग ठीक हाय." पुस्तकासमोर ती नेहमी गप्प बसायची. माझं शिक्षण तिने शेतात दुसऱ्याची खुरपणी करून पूर्ण केलं होतं. पुस्तक खोटं निघालं असतं तर तिची खुरपणीही खोटी ठरली असती.

पहिली डबी घेऊन दादा दुपारी आला. उन्हाळा होता. शर्ट पाठीला चिकटलेला, थर्मास पोटाशी धरलेला. बसमधे बसायला जागा मिळाली तरी तो खाली ठेवला नाही म्हणाला. वहिनीला उठून बसताही येत नव्हतं. तिथल्या सिस्टरने आणि आईने मिळून सकाळभर तिची छाती दाबून ते काढलं होतं. डबीच्या तळाला जेमतेम होतं. मी आणि दादा दारात उभे. सिस्टरने हात धुतले, झाकण फिरवलं, आत पाहिलं, आणि डबी उजेडाकडे नेली.

"हे काय आहे?"

पिवळ्या चिकात काळा खडा होता. हरभऱ्याएवढा. त्याच्याभोवती काळं पसरलेलं.

मला बघताक्षणी कळलं. दादालाही कळलं, कारण त्याने मान खाली घातली. दूध घराबाहेर न्यायचं, शीव ओलांडायची, तर त्यात कोळसा टाकायचा. नजर लागत नाही, वाटेत कुणाची सावली पडत नाही. शेजारी ताक द्यायचं असलं तरी आई त्यात मिठाचा खडा टाकायची. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून मांजरा नदीत सोडले होते, ही गोष्ट मी लहानपणापासून अभिमानाने ऐकत आले. देव गेले. कोळसा देव नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, तो चुलीपाशीच राहिला.

"गाळून घ्या ना मॅडम," दादा म्हणाला. "स्वच्छ फडक्यानं गाळून घ्या. लई तरास करून काढलंय हो."

"दादा, हे माझं लेकरू असतं तर मी पाजलं नसतं." सिस्टरने हे रागाने म्हटलं नाही. डबी बेसिनमधे उपडी केली आणि नळ सोडला. दादा बेसिनच्या जाळीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "मास्तरीण, तूच फोन लाव. माझ्यानं व्हायचं न्हाई."

मी बाहेर जिन्यात येऊन फोन लावला. "आई, डबीत कोळसा टाकलास?"

"मग? किती शिवा वलांडून दूध चाललंय. तान्ह्या लेकराचं दूध असं मोकळं कुणी धाडतंय का?"

"मोकळं कुठं, झाकण होतं ना."

"झाकणानं नजर थांबती का?"

"सगळं फेकलं त्यांनी."

पलीकडून दवाखान्यातला कुणाचा तरी खोकला ऐकू आला. मग आई म्हणाली, "समदं?"

"सगळं."

"अगं, दवाखान्याच्या गेटाम्होरं इस्त्रीवाला हाय, त्याच्याकडून चांगला बघून आणला. उकळून घेतला व्हता गं बाई."

मला ओरडायचं होतं, आणि मी ओरडलेच. जिन्यातली माणसं वळून बघायला लागली. शेवटी असं ठरलं की कोळसा बाहेर बांधायचा, काळ्या दोऱ्याने, थर्मासच्या कडीला. आत काही नाही. "भाईर टांगलेला कोळसा आतलं दूध काय राखणार?" आई म्हणाली. मी फक्त "आई!" म्हटलं. "बांधते, बांधते," ती म्हणाली.

त्या दिवशी माझ्या अंगावर दूध होतं. माझा मुलगा आठ महिन्यांचा, शेजारणीकडे ठेवलेला. मी डॉक्टरांना म्हटलं, माझं घ्या, मी तिची आत्याच आहे. ते म्हणाले, आधी तुमचं रक्त तपासावं लागेल, आणि लवकर जन्मलेल्या लेकराच्या आईचं दूधच वेगळं असतं, त्याची सर दुसऱ्याला नाही. तोवर सिस्टरने डब्यातल्या पावडरीचं दूध कालवलं आणि सिरिंजमधून नळीत सोडलं. संध्याकाळी माझा पदर ओला झालेला. काचेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लेकरू, आणि मधे पावडर.

दुसऱ्या दिवसापासून दादाच्या फेऱ्या सुरू झाल्या. येताना कडीला कोळसा लोंबत असायचा. "कंडक्टर विचारतोय, नवी गाडी काढली का म्हणून," दादा सांगायचा. "म्हणलं, हाव, ट्रायल चाललीय." अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली की तो धावत समोरच्या रसवंतीवर जायचा आणि बर्फ बदलायचा. रसवंतीवाल्या चाचांनी पहिल्या दिवशी विचारलं, कशाला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारलं नाही. गाडी आत शिरताना दिसली की ते बर्फ फोडून तयार ठेवायचे आणि खिडकीतूनच द्यायचे. "बच्ची कैसी हाय?" "पीयायली चाचा." "अल्ला करम करंगा."

पीत होती. म्हणजे सिस्टर सिरिंजची दांडी काढून ठेवायची, सिरिंज वर धरायची आणि दूध आपोआप नळीतून हळूहळू उतरायचं. ढकलायचं नाही. मी ते उतरताना बघत बसायचे. वाटीत चमचा बुडवून नुसता झटकला तर जेवढं येईल तेवढं दूध, त्याच्यासाठी माणूस लातूरहून यायचा. एकदा सिस्टरने कापूस वहिनीच्या दुधात भिजवून लेकराच्या ओठांना लावला. तिने जीभ बाहेर काढली. इवलीशी. दादा मोठ्यानं हसला आणि सगळ्यांनी त्याला गप्प केलं.

एक दिवस लेकराची तब्येत बरी वाटली म्हणून दादाला शर्ट काढायला लावला, खुर्चीत बसवलं आणि नळ्यांसकट तिला त्याच्या छातीवर ठेवलं. वरून चादर. तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

"मास्तरीण," तो हळूच म्हणाला, "मला पान्हा बिन्हा फुटायचा न्हाई ना?"

"फुटला तर बरंच, तेवढ्या फेऱ्या वाचतील."

"दुकानात तोंड दाखवता येणार न्हाई मग." सिस्टर तोंडावरच्या मास्कमागे हसली. लेकराच्या कानाशी तोंड नेऊन तो काहीतरी बोलला. मी म्हटलं, "नाव घेऊ नको हं, ते माझं काम आहे." तो म्हणाला, "नाव न्हाई घेतलं. तुझी माय बरी हाय, एवढंच सांगितलं."

त्यानंतर तिचं पोट फुगलं. सकाळी गेले तर पोटावरची कातडी चकाकत होती आणि नळीतून हिरवट पाणी येत होतं. डॉक्टरांनी दूध बंद केलं. म्हणाले, आतडी सुजली आहेत, आता नुसतं सलाईन. मी विचारलं, पहिल्या दिवशीच्या पावडरीने झालं का? म्हणाले, एवढ्या लवकर आलेल्या लेकरात हे आईचं दूध पाजूनही होतं. मी विज्ञान शिकवते, मला ते समजलं. समजून उपयोग काय झाला, ते मला माहीत नाही. दूध बंद झालं हे मी लातूरला कळवलं नाही. वहिनीला आता आपली आपण वाटी धरता येत होती, दूधही वाढलं होतं. डब्या येत राहिल्या. सिस्टर त्यांच्यावर पट्टी लावून फ्रीजमधे ठेवत राहिली. पोट बरं झालं की देऊ, म्हणाली. फ्रीज उघडला की मला त्या दिसायच्या, ओळीने.

ती दुपारी गेली. दादा वाटेत होता. थोड्या वेळापूर्वीच त्याचा फोन आला होता, लोहा मागं पडलं म्हणून. मी गेटपाशी जाऊन उभी राहिले. तो रिक्षातून उतरला, थर्मास पोटाशी, कडीला कोळसा. मला बघून झाकण किलकिलं करून म्हणाला, "बघ, आज बर्फ जरा बी इतळला न्हाई. खडाच्या खडा हाय." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

लेकराला पुरतात. माझे मालक, दादा आणि शेजारचे दोघं असे गेले. मालकांनी नंतर सांगितलं की माती ओढून झाल्यावर दादाने डबी उघडली आणि सगळं दूध मातीवर ओतलं.  फ्रीजमधल्या डब्या मला परत मिळाल्या. त्यांचं मी काय केलं ते लिहीत नाही. नावही लिहीत नाही. ते कुणाच्या कानात सांगायचं राहिलं, ते माझ्यापाशीच आहे.

वहिनीचं बीपी अजून खाली आलेलं नव्हतं. लातूरचे डॉक्टर म्हणाले, इतक्यात सांगू नका, पुन्हा झटके येतील. आईला मी फोनवर सांगितलं. तिने ते ऐकलं आणि तिथेच, वहिनीच्या खाटेशेजारी बसून, म्हणाली, "बरं बरं. जेवून घ्या मग." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन दादासोबत लातूरला निघाले. गाडी अहमदपूरला थांबली. रसवंतीवाल्या चाचांनी दादाला खिडकीत पाहिलं. आम्ही उलट्या बाजूने चाललोय हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. त्यांनी बर्फ फोडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि धावत आणून दिला. "बच्ची कैसी हाय?" दादाने पिशवी घेतली आणि मान हलवली. कशी हलवली ते मला सांगता येणार नाही. चाचांना ती होकाराची वाटली. चाकूरपर्यंत बर्फाचं पाणी दादाच्या पँटवर गळत होतं. त्याने पिशवी फेकली नाही.

आई दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटली. तिने आधी माझ्या कडेवरच्या मुलाला घेतलं, मग थर्मासकडे पाहिलं. कडीचा दोरा दातांनी तोडला आणि कोळसा कठड्यावरून खाली टाकला.

"आत टाकू दिला असतास, तर राहिली असती," ती म्हणाली.

"आई, त्याने काही होत नसतं."

"मग तुझ्या पुस्तकानं काय झालं?"

ती भांडायच्या आवाजात बोललीच नाही. भांडली असती तर मी बोलले असते. माझ्या सगळ्या शिक्षणात, तिने मला पहिल्यांदाच हे विचारलं होतं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "चल आत. हसून बोल. तिला काय कळू देऊ नको."

वहिनीला काही दिवसांपूर्वीच साध्या वॉर्डात आणलं होतं. चेहरा सुजलेला, पण बसलेली. मला बघून म्हणाली, "ताई, तुम्ही इकडं आलाव, मग तिच्याजवळ कोण हाय?"

"भाऊजी आहेत तुमचे," मी म्हटलं. "मला म्हणाले, एकदा तुमच्याकडं बघून ये."

"पिती का?"

"पिती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दूध काढलं. मी तिची पाठ धरली, आईने वाटी. तक्त्यावर होतं तसं, बोटं मागे दाबून, मग पुढे. तिला आता सगळं येत होतं. दोन्ही बाजूंनी धार लागली आणि वाटी भरली. डबी पहिल्यांदाच काठोकाठ भरली. "बघा मामी," ती आईला म्हणाली. ती सासूला मामी म्हणते. "आज किती आलं. आता दोघी असत्या तरी पुरंल." आईने झाकण फिरवलं. फिरवताना तिला ते लवकर बसवता येईना.

दादाने थर्मासात डबी ठेवली, बर्फ टाकला, शर्टाचं बटण लावलं. तो स्टँडवर जाऊन बसणार होता आणि संध्याकाळी परत येणार होता, असं आमचं ठरलं होतं. तो निघाला.

"मामी," वहिनी म्हणाली, "कोळसा."

आई थांबली. "संपला बाई."

वहिनीची खाट खिडकीपाशी होती. खाली गेटासमोर इस्त्रीवाला टपरीत उभा होता, आणि इस्त्रीचं तोंड उघडून फुंकर मारत होता. ठिणग्या उडाल्या. वहिनीने खाली पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. रोज कितीही घाई असली तरी आई त्याच्याकडे जाऊन कोळसा निवडून आणायची, दोरा स्वतः बांधायची, गाठ ओढून बघायची. हे सगळं ती याच खिडकीतून बघत आली होती.

 तेवढ्यात माझ्या मुलाला जाग आली आणि तो भुकेनं रडायला लागला. वहिनीच्या ब्लाऊजवर दोन्हीकडे ओले डाग पसरले. नुकतंच सगळं काढलं होतं, तरी पसरले.

"ताई, त्याला भाईर न्या," ती म्हणाली.

मी मुलाला घेऊन दारापर्यंत गेले. दादा थर्मास धरून तिथेच उभा होता, त्याला पाय उचलता येत नव्हता. मागून वहिनीचा आवाज आला, रोजच्यासारखाच, दुकानातून उशिरा आलेल्या नवऱ्याशी बोलावं तसा.

"ठेवा ते खाली. उगं उन्हाचं कुठं जाताव."